नीळ : लागवड, रंगक्रिया व शाळेतील पाठ

आपल्या शाळांच्या बागांतून भाजीपाला व फुलझाडे असतात. काही ठिकाणी तुळस, अडुळसा, कोरफड अशा औषधी वनस्पतीही लावलेल्या दिसतात. परंतु रंग देणारे झाड शाळेच्या बागेत सहसा आढळत नाही. वास्तविक नीळ देणारे झुडूप आपल्या जिल्ह्याच्या हवामानास मानवणारे आहे, त्यास फारसे पाणी लागत नाही, आणि शाळा उघडल्यावर पेरलेले बी दिवाळीच्या सुटीपूर्वी कापणीस येते. एवढ्या अवधीत वनस्पतिशास्त्र, रसायन, हस्तोद्योग व इतिहास असे चार विषयांचे पाठ एकाच वाफ्याच्या आधाराने देता येतात. त्यांतही इतिहासाचा पाठ शिक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे; कारण निळीचा इतिहास म्हणजे बव्हंशी ज्यांना आपल्याच करारावरील अक्षर वाचता येत नव्हते अशा शेतकऱ्यांचा इतिहास होय. म्हणून प्रथम झाडाची व रंगाची माहिती, त्यानंतर इतिहास आणि शेवटी वर्गात करावयाची योजना, या क्रमाने येथे विषय मांडला आहे.

झाडाची ओळख

मराठीत रंगास ‘नीळ’ म्हणतात. झाडास ‘नीळ’ या नावाबरोबरच ‘गुळी’ असाही जुना शब्द आहे. या झाडाचे शास्त्रीय नाव इंडिगोफेरा टिंक्टोरिया असे आहे. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘नीळ धारण करणारी’ व दुसऱ्याचा ‘रंगविण्याच्या उपयोगाची’ असा होतो. ‘इंडिगो’ हा शब्दही आपल्या देशाच्या नावावरूनच पडला आहे. प्राचीन ग्रीक लोक या रंगास ‘इंडिकॉन’, म्हणजे ‘हिंदुस्थानातील वस्तू’, असे म्हणत. आपला माल परदेशात देशाच्या नावाने ओळखला जावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

हे झुडूप एक ते दीड मीटर उंच वाढते. पाने संयुक्त असून एका देठावर लहान पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या व टोकास एक पर्णिका असते. पानांच्या बगलेतून लहान गुलाबी फुलांचे तुरे येतात. शेंगा बारीक, किंचित वाकड्या व दोन ते तीन सेंटिमीटर लांब असतात. फुलाची ठेवण व शेंग पाहिली म्हणजे हे झाड तूर, मटकी, हुलगा यांच्याच कुलातील आहे, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येते. या कुलातील इतर झाडांप्रमाणे निळीच्याही मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. झाड उपटून मटकीच्या मुळांशेजारी ठेवल्यास ही गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखविता येते.

याच गणातील काही रानटी वनस्पती आपल्या शिवारात आधीच आहेत. काळ्या जमिनीतील पिकात उगवणारे बरबडा हे तण निळीचेच भावंड होय. मात्र रंगासाठी लावतात ते झाड हे नव्हे. दुसरी एक वनस्पती तर शिक्षकांसही चकविते. ती म्हणजे पडीक रानात, रस्त्याच्या कडेला वाढणारी उन्हाळी. हिची पाने दुरून निळीसारखीच दिसतात. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. उन्हाळीची पर्णिका दोन्ही टोकांस धरून ओढली असता ती सरळ न तुटता बाणाच्या पिसाऱ्याप्रमाणे तिरकस, टोकदार आकारात तुटते. यावरूनच तिला संस्कृतात ‘शरपुंखा’ असे नाव मिळाले. ही परीक्षा मुलांकडून करवून घ्यावी. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू डोळ्यांनी नव्हे, तर कसोटी लावून वेगळ्या ओळखाव्यात, ही शास्त्राची पहिली सवय त्यातून लागते.

लागवड

निळीस पाण्याचा निचरा होणारी हलकी किंवा मध्यम जमीन चालते. पाणी साचून राहिले तर मात्र झाड पिवळे पडते व मरते. त्यामुळे अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील अतिपावसाचा भाग सोडला, तर पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव अशा कमी पावसाच्या तालुक्यांतही शाळेचा वाफा करण्यास अडचण नाही. उंचसखल अंगणात वाफा थोड्या उंचवट्यावर घ्यावा. जमिनीविषयी शंका असल्यास राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून, अथवा गावच्या कृषी सहायकाकडून सल्ला घ्यावा.

बियाचे कवच कठीण असते. म्हणून पेरणीच्या आदल्या दिवशी बी वाळूबरोबर हलक्या हाताने चोळून रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. बी विकत घेताना शास्त्रीय नाव पाहूनच घ्यावे. कारण ‘निळीचे बी’ या नावाखाली दुसरेच बी मिळण्याचा संभव असतो. जूनच्या अखेरीस, जमिनीत चांगली ओल झाल्यावर, सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावरील ओळींत एक-दोन सेंटिमीटर खोल पेरणी करावी. दोन मीटर रुंद व पाच मीटर लांब असा वाफा एका वर्गाच्या प्रयोगास पुरतो. उगवण झाल्यावर दाट रोपे विरळ करावीत व पहिल्या महिन्यात एक-दोन खुरपण्या द्याव्यात. पुढे झुडपे दाट झाली म्हणजे तण आपोआप मागे पडते. पावसाने ओढ दिली तरच पाणी द्यावे.

सुमारे तीन महिन्यांनी झाडास कळ्या दिसू लागतात. पानांतील रंगद्रव्य या वेळी भरपूर असते. म्हणून फूल पुरते उमलण्याची वाट न पाहता कापणी करावी. जमिनीपासून बोटभर नव्हे, तर चांगले वीतभर खुंट राखून कापावे. ओल असल्यास खुंटास पुन्हा फुटवा येतो व दीड-दोन महिन्यांनी दुसरी कापणी मिळते. चार-पाच झाडे न कापता बियासाठी राखून ठेवावीत, म्हणजे पुढील वर्षी बी विकत घ्यावे लागत नाही.

पाल्यापासून नीळ

पहिली लक्षात घेण्याची गोष्ट ही की, हिरव्या पानात निळा रंग नसतोच. पान चुरगाळले तर हात हिरवा होतो, निळा होत नाही. पानात ‘इंडिकन’ नावाचे रंगहीन द्रव्य असते. त्यात साखरेचा एक अंश दुसऱ्या द्रव्याशी जोडलेला असतो. पाने पाण्यात भिजली म्हणजे पानातीलच विकरांच्या क्रियेने ही जोडणी सुटते. साखर वेगळी होते व ‘इंडॉक्सिल’ नावाचे द्रव्य पाण्यात उतरते. या इंडॉक्सिलचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की, त्याचे दोन-दोन कण जुळून निळा रंग तयार होतो. हा निळा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो तळाशी बसतो. भिजविणे, घुसळणे व निवळणे या निळीच्या तीन क्रिया याच तीन गोष्टींसाठी असतात.

जुन्या निळीच्या कारखान्यांत पायऱ्यांप्रमाणे एकाखाली एक असे पक्के हौद बांधलेले असत. वरच्या हौदात पाला दाबून भिजत घालीत. बारा-चौदा तासांनी त्याचे पिवळसर हिरवे पाणी खालच्या हौदात सोडीत. तेथे मजूर कमरेइतक्या पाण्यात ओळीने उभे राहून वल्ह्यांनी अथवा काठ्यांनी ते पाणी तासन्‌तास झोडपीत. पाण्यावरचा फेस आधी पांढरा, मग निळा होई, व शेवटी बसून जाई. मग गाळ स्थिर होऊ देऊन वरचे पाणी काढून टाकीत, खालचा लगदा उकळून, कापडातून गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडीत व सावलीत वाळवीत. भिजून निघालेला पाला उत्तम खत म्हणून शेतात जाई.

शाळेत हीच क्रिया दोन बादल्यांत करता येते. सकाळी कापलेला पाला त्याच दिवशी वापरावा. तो सुकला तर रंग घटतो. पाच किलो पाला मोठ्या पिंपात घालून तो बुडेल इतके कोमट पाणी ओतावे व वर दगड ठेवावा, म्हणजे पाला तरंगणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर तांबूस-निळसर झाक असलेली साय दिसते व उग्र वास येतो. पाला तयार झाल्याची ही खूण होय. हवा थंड असल्यास आणखी काही तास लागतात. मात्र फार वेळ ठेवल्यास पाला कुजून रंग नासतो. पाला पिळून काढून पाणी फडक्यातून गाळावे. त्यात किलोभर पाल्यास दहा ते वीस ग्रॅम या मानाने चुन्याची निवळी अथवा पातळ केलेला विरी गेलेला चुना घालावा. नंतर ते पाणी एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून पुनःपुन्हा ओतावे. अर्ध्या-पाऊण तासात हिरवट पाणी मुलांच्या डोळ्यांदेखत निळे होऊ लागते. फेस बसू लागला की ओतणे थांबवावे. रात्रभर निवळू द्यावे, वरचे तपकिरी पाणी हलकेच काढून टाकावे आणि तळाचा गाळ जाड कापडात बांधून टांगावा.

पाच किलो पाल्यापासून मिळणारा सुका रंग मुठीत मावेल इतकाच असतो, व त्यातही चुन्याचा अंश असतो. हे पाहून मुलांना नवल वाटते. परंतु एक वडी निळीमागे किती शेत, किती पाणी व किती माणसांचे श्रम लागत, याचा अंदाज याच वेळी येतो. पुढील इतिहास समजण्यास तो आवश्यक आहे.

निळीने कापड कसे रंगते

येथे मुलांपुढे एक कोडे ठेवावे. नीळ जर पाण्यात विरघळतच नाही, तर ती कापडात शिरते कशी? निळीची पूड पाण्यात कालवून त्यात कापड बुडविले तर रंग वरवर बसतो व धुतल्यावर निघून जातो. याचे उत्तर रंगाऱ्यांनी रसायनशास्त्राचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी शोधून काढले होते. निळीतून प्राणवायूचा परिणाम काढून घेतला, म्हणजे शास्त्राच्या भाषेत तिचे क्षपण केले, तर तिचे रूप पालटते. ती फिकट पिवळसर होते आणि चुन्यासारख्या क्षाराच्या पाण्यात विरघळते. या स्थितीत ती धाग्याच्या आत शिरते. कापड बाहेर काढले की हवा लागून ती पुन्हा निळी व अविद्राव्य होते. आणि आता ती धाग्याच्या आत असल्याने पाण्याने निघत नाही. मंजिष्ठाच्या तांबड्या रंगास पक्केपणासाठी तुरटी लागते; निळीस तशी गरज नाही.

हे क्षपण घडवून आणण्यासाठी आपल्याकडील रंगारी रांजणात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचे शिजविलेले बी घालून ते आंबवीत असत. रांजण कोमट राहावा म्हणून तो जमिनीत पुरलेला असे. चांगल्या लागलेल्या रांजणातील पाणी वरून निळे व आत हिरवट पिवळे दिसते. त्यावर तांब्याच्या झाकेची साय धरते. अनुभवी रंगारी पाण्याच्या वासावरून व रंगावरून रांजणास गूळ हवा की चुना हवा, हे ठरवीत. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे हाताबरोबर चालत येई.

शाळेत एक भाग नीळ, दोन भाग चुना व तीन किंवा थोडा अधिक भाग गूळ या प्रमाणाने लहान रांजण करता येतो. दहा ग्रॅम निळीस तीन-चार लिटर गरम पाणी पुरे. हाताला चटका बसेल इतपत गरम पाण्यात प्रथम नीळ, मग गूळ, शेवटी चुना घालून हलकेच ढवळावे व झाकून उबदार जागी ठेवावे. ढवळताना फेस होऊ देऊ नये. कारण फेसाबरोबर हवा आत जाते. काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी, पाणी हिरवट पिवळे दिसू लागते. मग धुऊन ओले केलेले सुती कापड त्यात चार-पाच मिनिटे बुडवून सावकाश वर काढावे. ते बाहेर येताना पिवळट हिरवे असते व पाहता पाहता हिरव्याचे निळे होते. एका बुडीने फिका आकाशी रंग येतो. जसजशा बुड्या वाढवाव्यात तसतसा रंग गडद होत जातो. प्रत्येक दोन बुड्यांमध्ये कापडास पुरती हवा लागू द्यावी.

दक्षतेविषयी स्पष्ट सांगावयाचे तर, चुना व गरम पाणी हाताळण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. चुन्याच्या पाण्याने त्वचा व विशेषतः डोळे यांस इजा होते. मुलांना कापड बुडविण्यासाठी काठ्या व हातमोजे द्यावेत, डोळ्यांजवळ हात नेऊ देऊ नये, आणि वापरलेली भांडी पुन्हा शालेय पोषण आहाराच्या कामी कदापि घेऊ नयेत. भिजविण्याचे काम पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून दूर करावे.

या ठिकाणी एक खुलासा करणे इष्ट आहे. घरी पांढऱ्या कपड्यांना देतात त्या नीळीचा या झाडाशी आता संबंध राहिलेला नाही. बाजारात मिळणारी पारंपरिक नीळ पूड बहुधा चिनी माती, सोडा व गंधक एकत्र भाजून केलेली असते. कापडावरचा पिवळट रंग त्या निळसर छटेमुळे लोपतो व कापड अधिक शुभ्र दिसते. नाव मात्र जुन्याच रंगाचे टिकून आहे.

आपल्या जिल्ह्यातील निळीचे कारागीर

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात जिल्ह्यातील लोकांची जी वर्णने आहेत, त्यांत ‘निराळी’ या नावाच्या कारागीर समाजाचाही उल्लेख आहे. हे लोक निळीने सूत व कापड रंगवीत, व नीळ या शब्दावरूनच त्यांचे नाव पडले. त्या काळी नगर, भिंगार व संगमनेर येथे हातमागाचा धंदा चांगला चालत असे. साळी, कोष्टी व पद्मशाली विणकर लुगडी विणीत. त्यांच्या सुतास रंग देणारे हात वेगळे असत. चंद्रकळेसारख्या गडद वस्त्राची शोभा ही विणणाऱ्याइतकीच रंगविणाऱ्याचीही करामत असे. जुन्या बाजारपेठेच्या गावांतून आढळणारी ‘रंगार गल्ली’ व आजही चालत असलेली ‘रंगारी’, ‘निराळी’ ही आडनावे या लोपलेल्या व्यवसायाची साक्ष देतात. आपल्या गावात असे एखादे नाव असल्यास शिक्षकांनी वृद्धांकडून त्याची माहिती मिळवून शाळेच्या वहीत नोंदवून ठेवावी.

निळीचा जाच

जो रंग आपल्याकडे कारागिराच्या अभिमानाचा विषय होता, तोच देशाच्या दुसऱ्या टोकास शेतकऱ्याच्या कपाळीचा डाग ठरला. युरोपातील गिरण्यांना निळीची मोठी गरज होती, व तिच्या व्यापारात अमाप नफा होता. बंगाल व बिहारमध्ये इंग्रज मळेवाल्यांनी कोठ्या बांधल्या आणि शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन त्यांच्याकडून नीळ लावण्याचे करार करून घेतले. निळीचा भाव मळेवाला ठरवी; एकदा घेतलेली उचल पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. चांगली भातजमीन निळीखाली जाई व घरात धान्य नसे. १८५९ साली बंगालमधील शेतकऱ्यांनी नीळ पेरण्याचे नाकारले. त्यांच्या हालअपेष्टा दीनबंधु मित्र यांनी ‘नीलदर्पण’ या १८६० सालच्या नाटकात मांडल्या. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग या पाद्र्यास १८६१ मध्ये दंड व एक महिन्याची कैद भोगावी लागली.

बिहारमधील चंपारण्यात हा जाच पुढेही चालू राहिला. तेथे ‘तीनकठिया’ नावाची पद्धत होती. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा. त्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत कुळाने मळेवाल्यासाठी नीळ लावलीच पाहिजे, असे बंधन असे.

इतक्यात एक नवीच घटना घडली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८८० साली प्रयोगशाळेत नीळ तयार केली, आणि १८९७ साली बी. ए. एस. एफ. या जर्मन कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली. ती स्वस्त व एकसारख्या प्रतीची होती. अल्पावधीतच झाडाच्या निळीचा भाव कोसळला. आता शेतकरी सुटला, असे कोणासही वाटेल. घडले ते उलट. मळेवाल्यांनी नीळ लावण्याच्या बंधनातून मोकळे करण्याचा मोबदला म्हणून कुळांकडून ‘तावान’ नावाची एकरकमी भरपाई घेतली, किंवा खंड वाढवून घेतला. नीळ महाग होती तेव्हा नफा मळेवाल्याचा होता. ती स्वस्त झाली तेव्हा तोटा मात्र कुळाचा ठरला. कागदांवर अंगठे उठविणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यावर काय लिहिले आहे, हे वाचता येत नव्हते.

राजकुमार शुक्ल या चंपारण्यातील शेतकऱ्याच्या आग्रहावरून गांधीजी एप्रिल १९१७ मध्ये तेथे गेले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. १८ एप्रिल रोजी न्यायालयात त्यांनी तसे उघडपणे सांगितले, व सरकारने खटला काढून घेतला. हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेण्यात आल्या. चौकशी समिती नेमली गेली आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठियाची पद्धत बंद झाली. वसूल केलेल्या तावानाचा चतुर्थांशही परत देणे मळेवाल्यांना भाग पडले.

निळीच्या गावात मराठी शिक्षक

या लढ्याचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. परंतु आपणा शिक्षकांना तोच अधिक जवळचा आहे. जबान्या घेत असता गांधीजींच्या ध्यानात आले की, कायदा झाला तरी अज्ञान राहिले तर जाच नव्या वाटेने परत येईल. म्हणून त्यांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये बडहरवा लखनसेन व भितिहरवा येथे आणि जानेवारी १९१८ मध्ये मधुबन येथे प्राथमिक शाळा उघडल्या. शिक्षक कोठून आणावयाचे, हा प्रश्न होता. त्यास जे स्वयंसेवक पुढे आले, त्यांत महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरील व महाराष्ट्रातील मंडळी ठळकपणे होती. बेळगावचे वकील बाबासाहेब सोमण, तेथीलच पुंडलीक कातगडे, मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले व त्यांचे पती बबनराव, आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन ही ती मंडळी. अवंतिकाबाईंनी बडहरव्यास, सोमण व पुंडलीक यांनी भितिहरव्यास काम केले. अवंतिकाबाईंनी पुढे १९१८ साली गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले व त्यास लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली.

या शिक्षकांना तेथील बोली येत नव्हती. शाळा म्हणजे गवताने शाकारलेली झोपडी. शिकविण्याच्या विषयांत अक्षरओळखीइतकेच महत्त्व स्वच्छतेला, विहिरीभोवतालची जागा साफ ठेवण्याला व औषधोपचाराला होते. गांधीजींनी वीस वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथील परिषदेत उद्योगातून शिक्षणाची जी योजना मांडली, तिच्यामागे निळीच्या गावांतील या शाळांचाही अनुभव होता, असे म्हणणे वावगे होणार नाही.

हे सारे दूरच्या प्रांतातील म्हणून मुलांना परके वाटू नये, यासाठी आपल्या जिल्ह्यातील घटना जोडून सांगावी. आपल्याकडे निळीचे मळेवाले नव्हते. पण सावकारांचे कर्जरोखे होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला व त्याची झळ पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या आपल्या तालुक्यांत पोचली. बहुतेक ठिकाणी जमावाने माणसांवर हात टाकण्याऐवजी एकच गोष्ट मागितली : रोखे. ते हाती येताच जाळून टाकण्यात आले. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला तो जाळण्यापलीकडे दुसरा उपाय सुचत नाही. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांसंबंधीच्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकापुढे करण्याचे बंधन घातले, ते याच कारणाने.

वर्गातील योजना

इयत्ता तिसरी-चौथीसाठी झाडाचे निरीक्षण, मुळांवरील गाठी, उन्हाळीची परीक्षा व आठवड्यास एकदा उंचीची नोंद एवढे पुरे. पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांकडून कापणी, भिजविणे, घुसळणे व रंगविणे ही कामे करून घ्यावीत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची जी कल्पना मांडली आहे, त्यांपैकी दोन-तीन दिवस या कामास चांगले उपयोगी पडतील. जूनअखेर पेरलेला वाफा ऑक्टोबरच्या आरंभी कापणीस येतो. तेव्हा २ ऑक्टोबरला गांधीजयंती साजरी करताना पाला भिजत घालावा व चंपारण्याची हकीकत त्याच दिवशी सांगावी. दुसऱ्या दिवशी पाणी निळे होताना मुले ती हकीकत विसरणार नाहीत.

गणितात वीस कठ्ठ्यांपैकी तीन म्हणजे शेकडा किती, हे विचारावे. शेकडा पंधरा हे उत्तर आल्यावर मुलांच्या स्वतःच्या वाफ्याचा तेवढा भाग दोरीने आखून दाखवावा. केवळ आकड्याने जे कळत नाही, ते दोरीने कळते.

भाषेच्या तासास एक लहान उपक्रम करावा. शिक्षकांनी शाळेच्या वाफ्याचा एक करारनामा लिहावा व त्यात सात-आठ साध्या कलमांबरोबर एक अन्यायाचे कलम बेमालूम घालावे. उदाहरणार्थ, ‘पीक बुडाल्यास बियाची दुप्पट किंमत विद्यार्थी देतील.’ मुलांना सह्या करण्यास सांगावे. बरीच मुले न वाचताच सही करतील. मग कलमे मोठ्याने वाचून घ्यावीत. अन्यायाचे कलम सापडले म्हणजे ज्यांनी सही केली त्यांना कोणीही हसू नये, हे मात्र शिक्षकांनी पाहावे. चंपारण्यातील कुळेही काही मूर्ख नव्हती. नंतर मुलांनी करारनामा दुरुस्त करून पुन्हा लिहावा. या पाठाचा गृहपाठ असा द्यावा : घरातील सातबाऱ्याचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचा कागद किंवा विजेचे बिल, यांपैकी एक कागद आईवडिलांना अथवा आजीआजोबांना वाचून दाखवून त्याचा अर्थ सांगावा, व न समजलेला शब्द शाळेत लिहून आणावा.

झाडाची नीळ आज पुन्हा काही प्रमाणात लावली जाते. तामिळनाडू व आंध्र प्रदेशात तिची शेती आहे, व नैसर्गिक रंगाच्या कापडास देशात व परदेशात मागणी आहे. तरीही आपल्या शाळांतील वाफा हा उत्पन्नासाठी नाही. ज्या झाडापायी लक्षावधी शेतकरी नाडले गेले, तेच झाड मुलांनी आपल्या हातांनी, आपल्या इच्छेने लावावे, त्याचा रंग काढावा व त्या रंगात एक रुमाल रंगवून घरी न्यावा, हा त्याचा हेतू. वर्षअखेरीस त्या रुमालाबरोबर गृहपाठात आलेल्या न समजलेल्या शब्दांची यादी वर्गात भिंतीवर लावावी. पुढील वर्षी पेरणी होईल तेव्हा त्या यादीतील किती शब्द खोडले गेले, यावरून आपला पाठ किती साधला, हे शिक्षकांना समजेल.